लाल पाणी, दोन लोखंडी पट्ट्या आणि मास्तरांचा टीडीएस पेन

(दृश्य: गॅलरीत काचेची बरणी, आत लालभडक पाणी)

हे कोकम सरबत नाहीये. आधीच सांगतो कारण माझी आत्या ग्लास घेऊन आली होती. कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून निघतं तसलं हे रंगीत पाणी आहे, आणि वीज सोडून त्यातला रंग काढता येतो का ते आज बघायचंय. एक लिटर नळाचं पाणी, त्यात एक चमचा म्हणजे 5 ग्रॅम मीठ आणि सोनाराच्या काट्यावर मोजलेला 100 मिलीग्रॅम लाल रिऍक्टिव्ह डाय. 100 मिलीग्रॅम म्हणजे किती, तर चिमटीतून खाली पडला तरी कळणार नाही एवढा, आणि त्याने बरणीच्या पलीकडचं काही दिसत नाही बघा. याचा शंभरावा भाग रंग पाण्यात असला तरी डोळ्याला कळतो.

हा डाय मला दिला आमच्या ओळखीच्या एका डाईंग मास्तरांनी, म्हणजे कापड रंगवायचं काम बघणाऱ्यांनी. सगळी इचलकरंजी त्यांना मास्तरच म्हणते, सुताचं गाव आहे, इथे पहिला यंत्रमाग 1904 ला बसला, त्यामुळे शाळेतल्या मास्तरांपेक्षा डाईंगवाल्या मास्तरांना मान जास्त (शाळेतल्या मास्तरांनी रागावू नये).

(दृश्य: ओढा, पुलावरून)

आणि हा इचलकरंजीचा काळा ओढा. नाव कुणी ठरवून ठेवलं नाही, बघून पडलं. पुढे हे पाणी पंचगंगेत जातं, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. आता नदी फक्त रंगाने खराब होते असं मी अजिबात म्हणत नाही, कोल्हापूरपासून खालपर्यंत गावांचं मैलापाणी आहे, कारखान्यांचं आहे, उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून वर आले की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. पण रंग दिसतो, बाकीचं दिसत नाही, म्हणून बोंब रंगाची होते.

आता रंग कापडाला लागतो तर पाण्यात कशाला येतो? मास्तरांनी सांगितलं ते असं, की कापूस आणि हा डाय दोघंही पाण्यात निगेटिव्ह चार्जचे, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून मध्ये मीठ घालायचं, गडद शेड असेल तर लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम, मग सोडा ॲश टाकला की डाय कापसाला पक्का चिकटतो. सगळा नाही चिकटत. काही डाय कापसाऐवजी पाण्याशीच रिॲक्ट होऊन बसतो आणि एकदा तसं झालं की तो कापडाच्या काही कामाचा राहत नाही. पाचातला एक भाग, कधी दोन भाग असा धुण्याच्या पाण्यातून निघून जातो, मीठ तर जवळपास सगळंच जातं.

दुकानात आपण सगळे काय विचारतो, "रंग जाणार नाही ना हो?" मग रंग बनवणारे तो उन्हात, घामात, साबणात टिकेल असाच बनवतात, आणि तोच टिकाऊपणा पुढे सांडपाणी साफ करायच्या टाकीत नडतो. हवा सोडलेल्या टाकीतले जिवाणू मैला खातात, हा अझो जातीचा डाय खात नाहीत. हवा बंद करून दुसऱ्या जातीच्या जिवाणूंना दिला तर ते त्याच्या मधला नायट्रोजन-नायट्रोजनचा जोड तोडतात, रंग जातो, पण तुकडे उरतात ते ॲरोमॅटिक अमाईन नावाच्या रसायनांचे, आणि त्यातल्या काहींनी कॅन्सर होतो. त्याच भीतीने भारत सरकारने 1997 मध्ये 70 अझो डायवर बंदी घातली.

(दृश्य: बरणी जवळून, दोन पट्ट्या, वायरी)

तर आपण करंट सोडू. वेल्डिंगवाल्याकडून दोन एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) पट्ट्या आणल्यात. स्टेनलेस स्टीलच्या घेऊ नका, चकचकीत दिसतात म्हणून मोह होतो पण त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. पॉवर सप्लाय मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्राचा, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात. 6 व्होल्ट, 1 अँपिअर. हे सगळं गॅलरीतच, बंद खोलीत नाही, का ते कळेल.

बघा, मायनसच्या पट्टीवर बारीक बुडबुडे सुटले, सोड्याच्या बाटलीसारखे, तो हायड्रोजन. प्लसच्या पट्टीवर वरवर काहीच होत नाही असं वाटतं पण खरं काम तिथेच चाललंय, लोखंड विरघळतंय. पाच मिनिटांत पाणी आधी गढूळ, मग हिरवट काळं, आत्या म्हणाली हे तर आधीपेक्षा घाण झालं, आणि दिसतंय तसंच. पण थांबा जरा. ते हिरवट म्हणजे लोखंडाचा हायड्रॉक्साईड, त्याचे कापसाच्या बोळ्यासारखे पुंजके तयार होतात, रंग त्यांना चिकटतो, बुडबुडे त्यातले काही वर उचलतात, उसाच्या काहिलीवर मळी येते ना, अगदी तशी तपकिरी मळी वर जमते, बाकीचं तळाला बसतं.

20 मिनिटांनी बंद केलं, अर्धा तास निवळू दिलं. मधल्या पाण्यातून आता मागच्या कुंडीतली तुळस दिसतेय.

याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात आणि ही युक्ती नवी अजिबात नाही, 1880 च्या दशकाच्या शेवटी विल्यम वेबस्टर नावाच्या इंजिनिअरने लंडनमध्ये गटाराच्या पाण्यात लोखंडी प्लेटा उभ्या करून हेच केलं होतं. आणि हिशोब एकदम सरळ, बारावीतला फॅरेडेचा नियम: 1 अँपिअर एक तास सोडला की साधारण 1 ग्रॅम लोखंड विरघळतं. आपण 20 मिनिटं सोडला, म्हणजे लिटरला साधारण एक तृतीयांश ग्रॅम. वीज हजार लिटरला 2 युनिट. मला वाटलं स्वस्तात सुटलं की.

मास्तर म्हणाले, "आता दिवसाला पाच लाख लिटरचा कर बघू हिशोब."

केला. 1000 युनिट वीज, पावणेदोनशे किलो लोखंड रोज. आणि तो चिखल कोरडा धरला तरी सव्वातीनशे किलोच्या वर, फिल्टर प्रेसमधून (चिखल दाबून पाणी काढायचं यंत्र) ओलाच निघतो, म्हणजे टनाच्या वर. शिवाय कारखान्यात प्लेटांवर थर बसतो, करंट घेत नाहीत, मग मधून मधून प्लस-मायनस उलटं करत राहायचं. चिखल नेहमीच्या चुना-तुरटीनेही होतोच, इथे पोती कमी उचलावी लागतात आणि डोस बटणावर कमी-जास्त करता येतो एवढा फायदा नक्की.

(दृश्य: दुसरी बरणी)

चिखल नको असेल तर हा दुसरा मार्ग. यात पट्ट्यांच्या जागी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, लहानपणी आपण सेल फोडून काढायचो त्याच. आता विरघळायला लोखंडच नाही. मग करंट मिठाला धरतो, मिठातल्या क्लोराईडचा क्लोरीन होतो, पाण्यात त्याचं ब्लिचिंग होतं, आणि ते रंगाचा जोड जागेवर तोडतं. लाल, मग नारिंगी, मग फिकट पिवळं, अर्ध्या तासात जवळजवळ पाणी. वास येतोय तो नळाला टीसीएल (ब्लिचिंग पावडर) जास्त झाल्यावर येतो तोच, म्हणून गॅलरी. कारखान्यात कार्बन नाही वापरत, झिजून काळी पूड होते (ही बघा तळाला), तिथे टायटॅनियमवर रुथेनियम नाहीतर इरिडियमच्या ऑक्साईडचा थर दिलेली जाळी असते. त्याहून भारी म्हणजे बोरॉन घातलेल्या हिऱ्याचा थर, तो पाण्यातूनच इतके जहाल रॅडिकल (दिसेल त्याच्याशी रिॲक्ट होणारे कण) काढतो की डाय पार कार्बन डायऑक्साईडपर्यंत जाळता येतो, पण किंमत हिऱ्याला शोभेल अशीच.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की जे मीठ रंगाऱ्याने घातलं आणि ज्याच्या नावाने सगळे ओरडतात, तेच इथे करंट वाहून नेतं आणि तेच औषध बनतं. मी मास्तरांना मोठ्या उत्साहात हे सांगितलं. ते म्हणाले, "रंग गेला रे, पण तुकडे कुठं गेले?" खरंच, रंग जातो त्याच्या कितीतरी मागून सीओडी उतरतो, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. आणि क्लोरीन त्या तुकड्यांना जाऊन चिकटला तर नवीनच क्लोरीनवाली संयुगं होतात, ती डोळ्याला दिसत नाहीत आणि लाल रंगापेक्षा वाईट असू शकतात. करंट किती आणि कुठे थांबायचं ही सगळी गंमत तिथे आहे, नुसतं पाणी पांढरं दिसलं म्हणून बटण बंद करून चालत नाही.

मग त्यांनी खिशातून टीडीएस पेन काढला, लिटरमागे किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा, आरओवाला घरी येतो त्याच्याकडे असतो तोच. पहिल्या बरणीत बुडवला. पाच हजाराच्या वर. दुसरीत, तेच. करंट सोडायच्या आधी पण तेच होतं. मीठ कुठे जाणार? कापड कारखान्यांचा नदीत सोडायचा नियम 2016 पासून लिटरला टीडीएस 2100 मिलीग्रॅम, सीओडी 250 मिलीग्रॅम, आणि हे आपलं चमचाभर मिठाचं पाणी, खऱ्या बाथमध्ये याच्या दहापट.

तामिळनाडूत तिरुप्पूरला हाच पेच होता. नोय्यल नदी, ओरथुपालयमचं धरण रंगाच्या आणि मिठाच्या पाण्याने वाया गेलं, 2011 च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाने डाईंग युनिट बंद करायला लावले, तेव्हा कुठे आरओ आणि पुढे पाणी आटवून मीठ परत काढायची व्यवस्था मार्गी लागली. तेच मीठ पुन्हा डाईंगला. खर्च भरपूर, आणि आरओच्या पडद्याला रंगाचं पाणी चालत नाही, रंग आधी काढावा लागतो. मास्तरांचं म्हणणं, करंटची जागा तिथे, आरओच्या दारात, ओढ्याच्या तोंडाशी नाही. मला पटलं.

(दृश्य: फडक्यात गाळलेला तपकिरी गोळा)

पहिल्या बरणीतला हा एवढासा चिखल. मी मोरीत ओतायला निघालो होतो, आत्या म्हणाली तिथून कुठं जातंय ते तूच दाखवलंस ना मघाशी कॅमेऱ्यात. कारखान्याचा असता तर घातक कचरा म्हणून रांजणगावसारख्या केंद्रावर गेला असता. हा मात्र लिंबाएवढा, आठ दिवस झाले, पुरचुंडी बांधून गॅलरीतच ठेवलाय, तुळशीपासून लांब.