गेटच्या अलीकडे

(पहाट. ट्रकांची रांग. काचेचा क्लोजअप.)

पहाटेचे सव्वाचार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला हा आतला रस्ता. डिसेंबरची थंडी कॅमेऱ्यात पकडता येत नाही, म्हणून ही काच बघा. बाहेरून दव, आतून वाफ. आत एक माणूस गोधडी डोक्यावरून ओढून झोपलाय, ही वाफ त्याच्या श्वासाची.

रांगेत अकरा गाड्या. अकराही तोंडं त्या निळ्या लोखंडी गेटकडे. कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. सांगून फार उपयोगही नाही. इथले ड्रायव्हर म्हणतात, सातपूरला जा, सिन्नरच्या माळेगावला जा, गोंद्याला जा, गेटचा रंग तेवढा बदलतो.

पुढून चौथी गाडी, दहा टायरी. चाकणहून मशीनचे सुटे भाग घेऊन आली आहे. संगमनेर, सिन्नर, मोहदरीचा घाट, शिंद्याचा टोलनाका, द्वारका, पाथर्डी फाटा. रात्रीतून रस्ता संपवला. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेले. रांगेतली पोरं त्यांना मामा म्हणतात, आपणही मामाच म्हणू.

आम्ही पोचलो तेव्हा मामा बॅटरीच्या उजेडात बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होते. जवळून बघा. निळं पेन, जरा तिरकं अक्षर: 'पोचलो 3.40.'

"कुणाला दाखवायचं असतं हे?" आम्ही विचारलं.

"कुणाला नाही. सवय आहे."

(टपरी. चहा. पूर्वेला उजाडतंय.)

साडेसहाला टपरी उघडते. रांगेतली पोरं टायरची जुनी ट्यूब आणि पॅकिंगच्या फळ्या पेटवून शेकत बसलीत. धूर काळा येतो, पण ऊब चांगली येते. वळणावरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायला लागतो. सकाळच्या उन्हात रांग छान दिसते, हे कबूल करायला हवं. आमच्या कॅमेरामनने इथे वीस मिनिटं काढली.

(आठ वाजता. सुरक्षारक्षकांची परेड.)

आठला शिफ्ट बदलते. सात रक्षक एका ओळीत. सावधान, विश्राम. शिट्टी, बुटांचा आवाज, टोपी सरळ. हे सगळं गेटच्या अगदी तोंडाशी होतं, बाहेरच्या गाड्यांना दिसेल असं. मग सुपरवायझर हातात पॅड घेऊन रांगेच्या कडेने चालत येतो आणि माणसांना गावाच्या नावाने हाक मारतो. "ए चाकण! ए भिवंडी! ए वापी, गाडी मागे घे." उत्तर सगळीकडून एकच येतं, "हो साहेब."

मामांपेक्षा तो साहेब पंचवीस वर्षांनी तरी लहान असेल.

(खिडकी.)

आता ही खिडकी. या फिल्मचा बराचसा भाग इथेच घडतो, कारण याच्या पुढे आम्हाला जाऊ दिलं नाही. खिडकीची चौकट छातीच्याही खाली आहे. आतला माणूस खुर्चीवर बसतो, त्याला सोयीची. बाहेरच्याला मात्र वाकूनच बोलावं लागतं. हे ठरवून केलं की गवंड्याचं माप चुकलं, देव जाणे. सकाळपासून या खिडकीशी वाकलेल्या पाठी आम्ही मोजत होतो. बारानंतर मोजणं सोडून दिलं.

मामांचा नंबर साडेनऊला लागतो. बिल्टी, इन्व्हॉइस, ई-वे बिल, आरसी बुक, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद निघतो आणि खिडकीत जातो. आत एक बोट प्रत्येक ओळीवरून फिरतं. बोट थांबतं.

"नंबर जुळत नाही."

इन्व्हॉइसच्या नंबरात शून्य आहे. कंपनीच्या ऑर्डरवर त्याच जागी इंग्रजी 'ओ' छापलाय. छापणाऱ्याच्या हातून झालेली चूक, कुणाच्याही लक्षात यावी अशी. माल तोच, गाडी तीच, वजन तेच. मामा म्हणतात, "साहेब, आत फोन करून विचारा ना स्टोअरला." खिडकीतून उत्तर येतं, "आम्हाला विचारायची परवानगी नाही. जुळलं तर घ्यायचं, नाही तर गाडी साइडला."

गाडी साइडला.

खाजगी सुरक्षा संस्थांचा केंद्राचा कायदा 2005चा. त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाचं प्रशिक्षण लिहून दिलं आहे: वर्गात 100 तास, प्रत्यक्ष कामावर 60 तास, किमान 20 कामाच्या दिवसांत मिळून. त्यात ओळखपत्रं तपासणं येतं, लोकांशी कसं वागायचं ते येतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येणंही येतं. खिडकीतल्या पोराला आम्ही विचारलं, तुझं ट्रेनिंग किती दिवस झालं? तो हसला आणि म्हणाला, कॅमेरा बंद करा. आम्ही केला.

(लाकडी फळी. खिळ्यांना अडकवलेली लायसन्स.)

ही फळी बघा. खिळ्यांच्या चार रांगा, प्रत्येक खिळ्याखाली रंगाने नंबर, आणि खिळ्याला रबरबँडने अडकवलेलं लायसन्स. टोकन द्यायच्या आधी अस्सल लायसन्स इथे जमा करायचं. गाडी बाहेर पडेपर्यंत ते इथेच राहणार.

मामांच्या मागचा भिवंडीचा पोरगा मोबाइल पुढे करतो. डिजिलॉकरमधलं लायसन्स. रस्त्यावरच्या पोलिसाने हे मान्य करावं असा सरकारचा नियम आहे. खिडकी म्हणते, मोबाइलमधलं चालत नाही.

कायद्याचं थोडं बोलू, कारण फळीचा शॉट आमच्याकडे लांब आहे. मोटार वाहन कायदा 1988चा. त्याच्या कलम 130 प्रमाणे रस्त्यावर गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की ड्रायव्हरने लायसन्स दाखवायचं. कागद ताब्यात घ्यायचा अधिकार कलम 206 मध्ये आहे, तोही पोलिसाला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, ठरावीक कारणांसाठी. कंपनीच्या गेटवरचा रक्षक यात कुठे बसत नाही. आपल्या आवारात कुणाला घ्यायचं हे मालकाने ठरवावं, मान्य. ओळख पटवावी, नंबर उतरवून घ्यावा, झेरॉक्स काढावी. पण खिळ्याला?

आणि खरी गंमत पुढे आहे. बाराच्या सुमाराला चाकणहून दुरुस्त इन्व्हॉइस मेलवर येतं. खिडकी म्हणते, आता भरलेल्या गाडीचं वजन करून या. आतला काटा बंद आहे, बाहेरच्या काट्यावर जा. म्हणजे भर दुपारी एमआयडीसीच्या रस्त्यावरून दोन किलोमीटर जायचं आणि दोन किलोमीटर यायचं, लायसन्स खिळ्याला ठेवून. मामांचा मोबाइल बटणांचा. त्यात डिजिलॉकर नाही, काहीच नाही.

"अडवलं तर?"

"अडवलं तर सांगायचं, गेटवर आहे. तेही ओळखून असतात."

काट्यावर मात्र मजा आली. काटेवाल्याने विचारलं, कोणत्या गेटची गाडी? नाव ऐकून तो न बोलता आत गेला आणि चहा घेऊन आला.

(कडुलिंबाखाली स्टोव्ह.)

हा शॉट आम्ही ठरवून घेतलेला नाही, सापडला. कडुलिंबाच्या पाराशी स्टोव्हची ओळ. रॉकेलचे, छोट्या सिलिंडरचे, एक तर दोन विटा आणि जाळी. प्रत्येकावर खडूने टोकन नंबर. केबिनमध्ये आग नको, म्हणून हे बाहेर ठेवायचे. शेजारी पत्र्याच्या डब्यात काडेपेट्या, तंबाखूच्या पुड्या, बिड्या. बारा माणसांचं स्वयंपाकघर एका झाडाखाली, आणि राखणीला एक कुत्रं.

आत जायला सेफ्टी बूट हवेतच. आत फोर्कलिफ्ट फिरतात, पायावर लोखंड पडलं तर बोटं जातात, यावर कुणी ड्रायव्हर वाद घालत नाही. वाद मापाचा आहे. गेटवर बुटांचे तीन जोड ठेवलेत, तिन्ही दहा नंबरचे, आधीच्या माणसाच्या घामाने ओले. मामांचा पाय सातचा. मामा बूट घालून केबिनमध्ये चढताना बघा. पाय वर येतो, बूट खाली राहतो. रांगेतली पोरं हसतात, मामाही हसतात. क्लच त्याच बुटाने दाबायचा आहे.

क्लीनर बाहेर. आत फक्त ड्रायव्हर. गाडी मागे घेताना पाठीमागे कोण बघणार, असं मामांनी विचारलं. आमचा माणूस असतो, म्हणे.

(रजिस्टर. क्लोजअप.)

आता हे रजिस्टर. खिडकीच्या फटीतून एवढंच मिळालं, पण पुरेसं आहे. लाल रेघा, अनुक्रम नंबर, गाडी नंबर, आणि पाचवा रकाना: आत येण्याची वेळ. पोराने घड्याळ बघितलं आणि लिहिलं, 2.10.

मामा वाकून म्हणाले, "साहेब, मी पावणेचारपासून उभाय. पहाटेच्या."

"गेटच्या आत आली ती वेळ लिहायची. बाहेरचा रस्ता कंपनीचा नाही."

तो बरोबरच सांगत होता. त्याला तसंच सांगितलेलं आहे. गाडी खोळंबली तर हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, द्यायचं की नाही, किती द्यायचं, हा सगळा हिशोब या पाचव्या रकान्यापासून सुरू होतो. 3.40 ते 2.10 हे साडेदहा तास कुठल्याच कागदावर नाहीत. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास अशी मर्यादा घातली होती. मामांचे 8 तास गेटच्या अलीकडेच संपून गेले होते, आणि त्याच्या आधी रात्रभर गाडी चालवली होती ती वेगळीच.

खिडकीतल्या पोराबद्दल एक सांगायला हवं. त्याच्या डोक्यावर कॅमेरा आहे, तो बाहेर बघत नाही, त्याच्या टेबलाकडे बघतो. पोरगा बारा तास बसून असतो. बूट न घालता एक ड्रायव्हर आत गेला तेव्हा याचा एक दिवसाचा पगार कापला गेला, असं त्याने सांगितलं. ते आमच्याकडे फक्त आवाजात आहे.

(गेट उघडतं. गाडी आत. गेट बंद.)

आत काय झालं ते आम्ही दाखवू शकत नाही. माल कुणी उतरवला, वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, कुणी मागितली, कुणी दिली, हे मामांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "सोडा." 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा नाशिकच्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला पाठ आहे. एवढं सांगून पुढे जाऊ.

बाहेर रांग तशीच. वापीच्या गाडीचं ई-वे बिल आज रात्री बाराला संपतंय. 50,000 रुपयांच्या वरचा माल न्यायला जीएसटीचं हे ऑनलाइन बिल लागतं, आणि साध्या गाडीला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुदत वाढवता येते, संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत. पण वाढवणारा बसलाय वापीच्या ऑफिसात, आणि त्याला कळवणाऱ्या ड्रायव्हरचा फोन गेटच्या लॉकरमध्ये जमा आहे. मुदत संपलेल्या बिलावर माल रस्त्यात पकडला गेला तर दंड कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. त्या गाडीचं पुढे काय झालं ते कळलं नाही, आम्ही तोवर बॅटरी बदलत होतो.

जानेवारी 2024च्या सुरुवातीला, हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हा मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पेट्रोलपंपांवर मोटरसायकलींची रांग लागली. ती रांग मात्र दिवसभर टीव्हीवर होती.

(संध्याकाळ. क्लीनर पोरगा दुभाजकावर बसलेला. मग रात्र, गेटचे दिवे.)

आठ वाजून पाच मिनिटं. गाडी रिकामी बाहेर येते. रिकाम्या गाडीचा आवाज वेगळा असतो, फाळके खडखडतात. मामा बूट काढून जागेवर ठेवतात, खिळ्यावरून लायसन्स घेतात, शर्टाच्या खिशात घालतात, मग काढून पुन्हा एकदा बघतात आणि परत घालतात.

झाडाखाली दोनच स्टोव्ह उरलेत. दवाने खडू पुसला गेलाय, नंबर वाचता येत नाही. मामा दोन्ही उचलून बघतात. एकाच्या टाकीला पोचा आहे. तो घेतात.

बॉनेटवर बिल्टी पसरलेली. पुढच्या बाजूवर कंपनीचा जांभळा शिक्का, त्यात पेनाने: आत 2.10, बाहेर 8.05. मामा कागद उलटतात. 'पोचलो 3.40' च्या खाली लिहितात, 'सुटलो 8.25.'

मग क्लीनर पोराला हाक मारतात. त्याचा मोबाइल चांगला आहे. ऑफिसला पोच पाठवायची आहे.

पोरगा विचारतो, "मामा, कोणत्या बाजूचा फोटो काढू?"

"शिक्क्याचा काढ," मामा म्हणतात, आणि बॅटरी धरतात.