रांग नको, आपणच जाऊ

मंडळी, नवीन स्वयंसेवक आले की दरवर्षी एक सूचना हमखास येते. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, चर्चच्या आवारात टेबल लावू, गरजूंनी यावं आणि धान्याची पिशवी न्यावी. तासाभरात शंभर घरं होतील. दोघादोघांनी उन्हातान्हात सोलापूरबाहेरच्या कुंभारीपर्यंत जायचं आणि एका संध्याकाळी दोनच घरं करायची, हे कशाला? सूचना करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी माझं उत्तर दरवेळी तेच. रांग लावायची नाही, आपण जायचं.

रांगेत ज्याला येता येतं तोच येतो. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला यंत्रमाग कामगार येत नाही. ज्या बाईला विड्या कारखान्यात मोजून द्यायच्या आहेत, ती येत नाही. आणि काल-परवापर्यंत ज्या घरानं कुणाचे चार पैसे ठेवले नाहीत, तिथलं माणूस उपाशी राहील, पण ओळखीच्यांसमोर पिशवी धरून उभं राहणार नाही. सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत. हे गिरणीच्या भोंग्यावर उठणारं गाव. गिरण्या बंद पडल्या तशी कायमची नोकरी गेली. मागे राहिलं ते आठवड्याच्या पगारावरचं मागाचं काम आणि बायकांच्या विड्या. अशा घरात एक मोठं आजारपण आलं की दोन-तीन महिन्यांत कर्ज डोक्यावर बसतं, आणि शेजाऱ्यांनाही पत्ता लागत नाही.

ही पद्धत काही आपण काढलेली नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. आदल्याच वर्षी कॉलऱ्यानं त्या शहरात हजारो माणसं मेली होती. एका वादसभेत त्याला कुणीतरी टोकलं, तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज गरिबांसाठी काय करता? ओझानामनं चार-पाच मित्र गोळा केले आणि सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेला. सिस्टर त्या काळच्या पॅरिसच्या सगळ्यात गरीब वस्तीत काम करत होत्या. त्यांनी मुलांना घरांचे पत्ते दिले, मदतीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या घरी कसं बसायचं, कसं ऐकून घ्यायचं हेही शिकवलं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली ती तिथून. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, नावाजला, पण घरभेटी त्यानं सोडल्या नाहीत. १८५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्या सोसायटीची एक रीत मला फार मोलाची वाटते. बैठकीत एक पिशवी फिरते, प्रत्येक जण बंद मूठ आत घालतो. कुणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, हे कुणालाही कळत नाही. जी लाज आपण देणाऱ्याची राखतो, तीच घेणाऱ्याचीही राखायला नको का?

आता दुसरी बाजूही मनावर घ्या, कारण ती खरी आहे. एका खोलीच्या घरात बैठकीची खोली नसते. तुम्ही उंबरठा ओलांडला की चूल, अंथरूण, औषधं, वाळत घातलेले कपडे, सगळं तुमच्या नजरेसमोर येतं. आपण मदतीला म्हणून गेलो आणि झडती घेऊन आलो, असं घडू शकतं. म्हणून आधी विचारून जायचं. नळाला पाणी यायच्या दिवशी तर मुळीच जायचं नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी अख्खं घर घागरी घेऊन धावत असतं. बसा म्हणतील तिथं बसायचं, चहा दिला तर घ्यायचा. डबे उघडून बघायचे नाहीत. फोटो काढायचा नाही, कुणी देणगीदार मागत असला तरी नाही. सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. जोडीतल्या एकाला ती येत असेल तर उत्तम, नसेल तर निदान 'अक्का' म्हणून हाक मारा.

एक घर सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. नवरा वारलेला, दोन मुलं, सासू. बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली. भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलताना मान वर होते, बोटं थांबत नाहीत. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून तिच्याशेजारी बसते आणि विड्यांची तोंडं मुडपायला लागते. आम्ही धान्य घेऊन गेलो होतो. बोलता बोलता कळलं की रेशन कार्ड आहे, पण सासूच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही. जन्मभर विड्या वळून बोटं गुळगुळीत झाली होती आणि केवायसी, म्हणजे कार्डासाठीची ओळखीची पडताळणी, अडली होती. नवरा गेल्यावर काही योजनेत अर्ज केला का, विचारलं. कसली योजना, म्हणाली.

मंडळी, आपली खरी कामं इथून सुरू होतात. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १५०० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांची आहे, आणि आजच्या महागाईत ती मला अन्यायाची वाटते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. वडील नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागे महिना २२५० रुपये. आपण नेलेले पाच किलो तांदूळ आठवड्यात संपतात. हे पैसे दर महिन्याला घराला आधार देतात. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं असं सगळं जमवावं लागतं. तहसीलमधली एकेक खेप म्हणजे त्या बाईची एका दिवसाची मजुरी. तिच्याबरोबर जा. खिडकीवरच्या माणसाशी बोला, पोच घ्या, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

धर्माबद्दल एकदाच आणि स्पष्ट बोलते. आपण चर्चमधून जातो, हे लपवायचं नाही. प्रार्थना त्यांनी मागितली तरच करायची. पत्रकं न्यायची नाहीत, मदतीच्या बदल्यात कसलीही अपेक्षा ठेवायची नाही. बहुतेक घरं आपल्या धर्माची नाहीत आणि असायची गरजही नाही. आणि तिथं जे ऐकलं, ते जोडीदार आणि आपली बैठक यांच्यापलीकडे जाता कामा नये. अगदी फादरांनी सहज विचारलं तरी नाव सांगायचं नाही.

जोड्या आज ठरवून घेऊ. प्रत्येक नव्या माणसाबरोबर एक जुना. एकदा घर घेतलं की निदान वर्षभर तेच घर, मध्येच बदलायचं नाही. दर वेळी नवा चेहरा आला तर त्या बाईला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, तेव्हा वह्या-गणवेशाची यादी मेअखेर हवी. बालसंगोपनाचे राहिलेले अर्ज ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जाण्याआधी मला भेटा. तीन घरांचे दाखले अजून यायचे आहेत.