कळतं कुणाला, कळत नाही कुणाला

नमस्कार, श्रोतेहो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात, आणि संध्याकाळभर कुणी ड्वार्फ म्हणजे बुटका दणकट गडी असतो, कुणी एल्फ म्हणजे टोकदार कानांचा वनवासी, कुणी भुरटा चोर. गोष्ट पुढे नेणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्या टोळक्यात ते काम माझ्या गळ्यात पडलंय. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. त्यातल्या लढायांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला बोलायचंय ते त्यातल्या भाषांबद्दल.

या जगात ड्वार्फांची भाषा वेगळी, एल्फांची वेगळी, ऑर्क आणि गॉब्लिन या दांडगट जमातींची आणखी वेगळी. आणि या सगळ्यांवर ‘कॉमन’ नावाची एक बाजारभाषा, जी जवळपास सगळ्यांना येते. कॉमनमुळे धर्मशाळेत भाकरी मागताना खेळ अडत नाही, हे खरं. पण सगळ्यांना सगळंच कळायला लागलं, तर एल्फांची भाषा शिकून करायचं काय? म्हणून मी शक्य तिथे कॉमनला दाराबाहेर उभं करतो.

लिप्यांची गंमत तर फार कमी खेळाडूंच्या लक्षात येते. खेळाच्या नियमांच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिन, ऑर्क आणि जायंट म्हणजे अगडबंब राक्षसांच्या भाषा ड्वार्फांच्याच लिपीत लिहितात. म्हणजे गॉब्लिनांच्या दारावरचा मजकूर आमचा ड्वार्फ घडाघडा वाचणार, आणि अर्थ विचारला की डोकं खाजवणार. आपल्याला यात नवल वाटायला नको. नेपाळी पाटी आपण देवनागरीमुळे सहज वाचतो, समजते मात्र अर्धीमुर्धी. उलट घरातलाच, मराठीतलाच मोडी कागद पुढे आला, की बहुतेकांची दातखीळ बसते.

जुन्या आवृत्त्यांमध्ये एक अफलातून प्रकार होता. भाषा जमातीची तर असायचीच, शिवाय वृत्तीचीही असायची. सुव्यवस्था मानणाऱ्यांची एक, अनागोंदीवाल्यांची दुसरी, तटस्थांची तिसरी. १९८१ च्या प्राथमिक नियमांत तर म्हटलंय, की वृत्ती बदलली की जुनी भाषा विसरायची आणि नवी त्याच क्षणी बोलू लागायचं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे काढून टाकलं. अशक्य वाटतं म्हणून काढलं असेल, तर त्यांनी आपल्याकडची पक्षांतरं पाहिलेली नाहीत.

माझी सगळ्यात आवडती म्हणजे चोरांची सांकेतिक बोली. साध्या गप्पांमध्ये निरोप दडवायचा. शेजारी बसलेल्याला वाटावं, पावसापाण्याचं बोलणं चाललंय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा नियम असा, की सरळ सांगायला लागेल त्याच्या चौपट वेळ यात जातो. हा नियम ज्यानं लिहिला, त्याला माणसं कळत होती. आपल्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, आणि तोंडानं भलतंच काही बोलत राहतात. व्यापाऱ्यांची नंदभाषा याच कुळातली.

आता टेबलावर आम्ही सगळे मराठीतच बोलतो, मग परकी भाषा आणायची कशी? मी चिठ्ठी लिहितो. ज्याला ती भाषा येते, त्याच्याच हातात द्यायची. बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मागे एकदा पुलावर गॉब्लिनांनी वाट अडवली. त्यांची भाषा फक्त आमच्या चोराला येत होती. चिठ्ठीत मी लिहिलं, ‘तो एल्फ आम्हाला द्या, बाकीचे जा.’ त्यानं ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. एल्फनं विचारलं, “काय म्हणतायत?”

“काही नाही रे,” तो म्हणाला, “तू पुढे हो म्हणतायत.”