मन उठलं की

[दृश्य : रात्र. कापसाच्या गंजीवर लॅपटॉपचा उजेड.]

हिंगणघाटहून आत वळलं की डांबरी रस्ता संपतो, तिथलं हे गाव. रात्रीचे साडेनऊ. भाव वाढेल म्हणून थोपवून धरलेला कापूस, त्याला टेकून टेबल आणि टेबलावर लॅपटॉप. पलीकडे अमेरिकेत सकाळ आहे. गावातल्या एका मुलाचा नोकरीतला कॉल सुरू आहे.

[दृश्य : स्क्रीन जवळून.]

कॉलच्या मागं बायोडेटा उघडा आहे. आठवडा झाला, तो एक ओळ लिहितो आणि पुसतो.

राजीनामा फार उशिरा येतो. विल्यम मोब्ले या अमेरिकी अभ्यासकानं 1977 साली नोकरी सोडण्याची ही वाट पायरीपायरीनं मांडली. आधी कामावरून मन उडतं. मग सोडायचा विचार डोकावतो. मग हिशेब : दुसरीकडे काय मिळेल, इथलं काय जाईल? पुढं शोधाशोध, तुलना आणि शेवटी पक्का इरादा. हा मुलगा हिशेबाशी अडलाय. बरंच झालं, कॅमेऱ्याला सापडला.

पगार वेळेवर होतो. खुपलं ते वेगळंच. नोकरी धरताना ‘घरूनच काम’ असं तोंडी ठरलेलं. आता मेल आलाय, आठवड्यातून तीन दिवस पुण्याला हिंजवडीत हजर व्हा. अशा न लिहिलेल्या बोलीला मानसशास्त्रात ‘मानसिक करार’ म्हणतात. तोच इथं मोडला. त्यात परवा टीम लीडनं सगळ्यांदेखत त्याची चूक उगाळली.

[दृश्य : सकाळ. वडील पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं, उपटतात.]

वडिलांना यात नवल वाटत नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल गुढीपाडव्याला पालटतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय.

“सालदार पैशापायीच सोडते असं नाही बापू. चारचौघांत बोललं का त्याचं मन उठते. मंग पाडव्यालोक कसाबसा राह्यते.”

[दृश्य : गोठा. आजी ओट्यावर, हातात औषधाची पुडी.]

अभ्यासक टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी 2001 साली उलटा प्रश्न घेतला : माणूस टिकतो कशानं? उत्तरात कामाच्या जागेबरोबर घरदार, गाव, गणगोतही आलं. घरून काम होतं तोवर हा गोठा, हा ओटा त्याला कंपनीशीच बांधून ठेवत होता. ती दावण कंपनीनं आपल्या हातानं सोडली.

नव्वद दिवसांची नोटीस, कर्जाचे हप्ते, पुढची नोकरी घरून मिळेल का, हे सगळं आहेच.

[निवेदन थांबते. वडील पऱ्हाटीचा भारा बैलबंडीत टाकतात. मुलगा दुसरं टोक धरतो.]