धुऱ्यावरचा मोहा

मंडळी, पत्रिकेवर 'रीत आणि कायदा' असा फार मोठा विषय छापलाय. मी बोलणार आहे एका झाडाबद्दल.

नवा वकील होतो तेव्हाची गोष्ट. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका गावात शेत विकलं गेलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहा होता. चैत्रात पहाटे जुन्या मालकाची माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला हजर, आणि नवा मालक त्यांना अडवतोय. जुना मालक, म्हातारा, मला म्हणाला, "वावर इकलं जी, मोहा नाई इकला."

मी हसलो. 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाठ होता: जमिनीबरोबर तिच्यात रुजलेलं झाडही जातं, वेगळा इरादा दिसत नसेल तर. पुढचा तो 'तर' मी नीट वाचलाच नव्हता. त्या गावात मोहाची झाडं घराण्याघराण्यांत वाटलेली, जमीन कुणाचीही असो. खरेदीखतात ते कोण लिहिणार? सगळ्यांना ठाऊकच होतं.

एका जुन्या कारकुनानं सुचवलं, वाजिब-उल-अर्ज काढा. नाव फारशी, कागद इंग्रजांच्या काळातल्या जमीन-बंदोबस्तातला (शेतसारा ठरवण्याच्या कामातला), आत गावाच्या रिती: खासगी जमिनीतून जायची वाट, पाणी, मासेमारी. 1966च्या महसूल संहितेतही हा कागद आणि निस्तार पत्रक (गावाच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची नोंद) टिकलं, तेही फक्त विदर्भासाठी. आम्ही मोठ्या आशेनं पानं उलटली. वाट सापडली, तळ्याचं पाणी सापडलं. मोहा नाही.

हेच झाड जंगलात असतं तर? 2006च्या वनहक्क कायद्यानं मोहफूल गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातली इतर उपज), म्हणजे वेचणाऱ्याच्या हक्काचं. पण फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळला, तर 1927चा वन कायदा उभा राहतो. फुलं घरी आणून साठवली, तर 1949चा दारूबंदी कायदा. ते निर्बंध सैल व्हायला 2021 उजाडलं. लाडवासाठी वाळवलेलं फूल आणि हातभट्टीचं फूल कायद्याला वेगळं ओळखता येत नव्हतं. (गडचिरोलीत तर 1993 पासून जिल्हाच दारूबंद.)

आमचं भांडण शेवटी पारावर मिटलं. फुलं निम्मी-निम्मी. मला ते तेव्हा फार सुंदर वाटलं, चार ठिकाणी सांगतही फिरलो.

पण रीत आहे म्हणून तिला ओवाळत बसू नये. 1956चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, त्यामुळे 2005च्या दुरुस्तीनं मुलींना दिलेला वाटा गोंड मुलीपर्यंत पोचलाच नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबातल्या बाईच्या वारसांना समान हिस्सा दिला. मुलीला वगळणारी रीत आहे, असं कुणाला सिद्धच करता आलं नव्हतं.

तो निकाल वाचला आणि पारावरचा तो तडजोडीचा कागद आठवला. त्यावर पाच अंगठे होते, पाचही पुरुषांचे. म्हाताऱ्याची लेक टोपली डोक्यावर घेऊन मागेच उभी होती. फुलं तीच वेचत होती. तिला कुणी विचारलं नाही. वकील म्हणून मीही नाही.