ऐरण आणि स्वप्नयंत्र

या या, पुढे या, खुर्च्या संपल्या असतील तर सतरंजी आहे, आणि खरं सांगायचं तर आजच्या विषयाला सतरंजीच बरी. वाचनालयाने मला तासभर दिलाय आणि बोर्डावर लिहिलंय 'सायकेडेलिक आणि स्पेस रॉक : ओळख आणि संग्रह'. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण बोलायला लागलो की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. हे संगीत, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलं लांबलचक, गुंगवून टाकणारं रॉक, इंग्लंड-अमेरिका-जर्मनीत जन्मलं, मान्य, पण आपल्या किनाऱ्यावरच्या कानाला ते परकं नाही. एका सुराला धरून बसायचं, रात्र सरेपर्यंत उठायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हे मी आज पटवून देणार आहे. पण त्याआधी टेपची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

१९८४ चा मे महिना. माझी दहावीची परीक्षा झालेली, वडिलांचं इथे वेंगुर्ल्यात रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरचा मर्फी नाहीतर फिलिप्स तिथे येऊन गेलेला असणार. एक दिवस दुपारी एक हडकुळा गोरा माणूस आला. गोव्यात हरमलला राहायचा, केरीहून फेरीने तेरेखोलला उतरून रेडी-शिरोडा करत आलेला, खांद्यावर झोळी आणि झोळीत कॅसेट प्लेअर. खुणेनेच सांगितलं की फिरत नाही. बाबांनी उघडून बघितलं, पट्टा सैल झालेला, म्हणाले दोन दिवसांनी या. तो हसला आणि गेला. दोन दिवसांनी आला नाही, आठ दिवसांनी नाही, मग पाऊस लागला आणि ही सगळी मंडळी पावसाळ्यात निघून जातात हे तुम्हाला माहितीच आहे. मशीनला बांधलेली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, बाबांच्या अक्षरात, 'गोरा, हडकुळा, पट्टा, २५ रु. येणे'.

आता दुरुस्त केलेलं मशीन तपासायला काहीतरी वाजवायला पाहिजे, आणि त्यात एक कॅसेट आधीपासूनच होती. टीडीके कंपनीची, नव्वद मिनिटांची, लेबल कोरं. बाबांनी बटण दाबलं. आधी काहीच नाही, मग लांबून कुठूनतरी झांजेची सरसर, गिटारची एकच तार ताणल्यासारखी, आणि हळूहळू ते वाढत गेलं, ढोल घुसले, आणि दहा मिनिटांत दुकानात समुद्र शिरल्यासारखं झालं. गाणारा कोणी नाहीच. बाबांनी बंद केलं, हेड स्पिरिटने पुसलं, पट्टा काढून पुन्हा चढवला, परत लावलं, तेच. मग ते शांतपणे म्हणाले, "मशीनीक काय्येक झाला नाय, गाणाच बिघडलेला आसा."

हसताय, पण त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त केले, त्यांचा कान तयार होता, त्यांना कळलं होतं की हा आवाज मुद्दाम असा केलेला आहे. गिऱ्हाईकाच्या वस्तूला हात लावायचा नाही हा दुकानाचा नियम, पण तपासणीला परवानगी होती. मी त्या पावसाळ्यात ते मशीन रोज संध्याकाळी तपासलं. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, मशीन सेलवर, आणि मी पत्र्याखाली बसून ते ऐकतोय. मला ते काय आहे हे माहीत नव्हतं, कुणाचं, कुठल्या देशातलं, काही नाही. पण मी त्याच्याशिवाय राहू शकत नव्हतो.

आता गंमत बघा. गाणं शोधायचं तर आपण काय करतो, मुखडा गुणगुणतो, चार शब्द सांगतो. इथे शब्दच नाहीत. मग माझ्याकडे होतं काय? बाबांच्या एचएमटी घड्याळावर मी मोजून वहीत लिहिलं होतं. पहिला तुकडा वीस मिनिटांना थोडा कमी, दुसरा पंचवीसच्या जरा वर. आणि दोघांच्या मध्ये 'टक्' असा आवाज, थोडी खरखर, पुन्हा 'टक्'. ते 'टक्' बाबांनी ओळखलं. म्हणाले ही सुई उचलल्याचा आवाज, म्हणजे ही रेकॉर्डवरून भरलेली टेप आहे, रेकॉर्डच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, एवढे दोनच तुकडे. मिळून पंचेचाळीस मिनिटं, नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूत नेमकी बसलेली अख्खी एलपी! पुढे नोकरीला मुंबईत गेलो तेव्हा वही खिशात आणि टेप वॉकमनमध्ये. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन तासन्तास उभा राहायचो, फोर्टातल्या फूटपाथवरच्या रेकॉर्डी उलथापालथ करायचो, चोरबाजारात मटन स्ट्रीटला रविवार घालवायचो. ज्याला त्याला हेडफोन द्यायचा आणि विचारायचं हे काय आहे. बहुतेक जण पहिल्या मिनिटालाच परत द्यायचे, कारण पहिल्या मिनिटात काही घडतच नाही. चोरबाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि एकच शब्द बोलला, "जर्मन." आणि टँजरीन ड्रीम या जर्मन बँडची १९७४ ची 'फीड्रा' माझ्या हातात ठेवली. ती हे नव्हती. पण घराणं तेच, हे मला फार नंतर कळलं, कारण माझ्या टेपवर जो ढोल वाजवत होता तोच माणूस टँजरीन ड्रीमच्या १९७० च्या पहिल्या रेकॉर्डवर ढोल वाजवून बाहेर पडलेला होता. त्या म्हाताऱ्याने नुसत्या वाजवण्यावरून गोत्र सांगितलं. असे कान आता कुठे आहेत.

नाव सापडलं २००१ साली, तेही कुडाळच्या सायबर कॅफेत. मी जर्मन बँडच्या याद्या वाचत बसायचो आणि नावांकडे न बघता फक्त वेळ बघायचो. आणि एका संध्याकाळी समोर आलं. आश रा टेंपल, पहिली रेकॉर्ड, १९७१. पहिली बाजू 'आम्बॉस', १९ मिनिटं ४० सेकंद. दुसरी बाजू 'ट्राउममाशीने', २५ मिनिटं २४ सेकंद. बस्स, दोनच. तीस सेकंदांचा नमुना होता तो उतरवायला दहा मिनिटं लागली आणि शेजारच्या टेबलावरचा पोरगा निकाल बघत होता, त्याला वाटलं मी नापास झालो, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सतरा वर्षं! मॅनुअल गटशिंग गिटार, हार्टमुट एन्के बास, क्लाउस शुल्त्से ढोल, बर्लिनची तीन पोरं. आम्बॉस म्हणजे ऐरण आणि ट्राउममाशीने म्हणजे स्वप्नयंत्र. पत्र्याखाली बसून मी जे ऐकत होतो त्याचं नाव ऐरण आहे, आणि ते खरंच घाव घातल्यासारखंच आहे हो. गटशिंग आणि शुल्त्से दोघेही २०२२ मध्येच गेले, सातेक महिन्यांच्या अंतराने. त्या दिवसांत मी दोन्ही वेळा दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं.

संग्रहाबद्दल बोलायचंय तर इथली हवा. मुंबई-पुण्याच्या लोकांनी रेकॉर्ड कशा जपाव्यात यावर बरंच सांगितलेलं असतं, ते आपल्या उपयोगाचं नाही. जुलैत आपल्याकडे चपलेला बुरशी येते तिथे कागदी कव्हरांचं काय. बुरशी प्लास्टिकला खात नाही, ती बोटांच्या तेलकट डागांवर आणि आतल्या कागदावर वाढते आणि मग खाचांत बसते. म्हणून आतलं कागदी पाकीट काढून टाका, चांगलं प्लास्टिकचं घाला, बाहेरचं जाड प्लास्टिकचं कव्हर तोंड उघडं ठेवून, रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, भिंतीला टेकवू नका, भिंत पाणी पिते. धुवायची तर डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचा एखाद-दुसरा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल गोल, आणि मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. हे एवढं सांगतोय त्याला कारण आहे. रेकॉर्डची बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ कोराव्या लागतात आणि आवाज लहान होतो. स्वप्नयंत्र पंचवीस मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला जवळजवळ ऐकूच येत नाही असं. त्यात बुरशी असली तर पहिली पाच मिनिटं भजी तळल्यासारखीच जातात. आणि माझी पहिली कॉपी, जर्मनीहून मागवलेली, दहा महिने पैसे साठवून, ती कुरिअरवाल्यांनी मे महिन्याच्या उन्हात टेम्पोच्या टपावर ठेवून आणली. उघडली तर कुरडई. सुई तिच्यावर होडीसारखी वर-खाली. तक्रार केली, अर्ज केले, उत्तर आलं की खोका फाटलेला नव्हता. अहो खोका मी ऐकणार होतो का? मला अजून त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली, पंधरा मिनिटं राहिली. बरं. मग मूळ मुद्दा भराभर.

स्पेस रॉकमध्ये स्पेस येते कुठून? नुसती ताऱ्यांची नावं दिल्याने येत नाही. इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड बँडने १९६७ च्या पहिल्या रेकॉर्डवर ग्रहांची नावं घेतली, पण खरं काम केलं एकोने, म्हणजे प्रतिध्वनीने. बाबांनी मला टेपचं हेड दाखवून समजावलं होतं ते असं, की एक हेड आवाज भरतं, पुढे दुसरं हेड वाचतं, दोघांत पाच सेंटीमीटर अंतर आणि टेप सेकंदाला एकोणीस सेंटीमीटर धावतेय, तर आवाज साधारण पाव सेकंद उशिरा परत येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे कानाला वाटतं चाळीसेक मीटरवर भिंत आहे. रेडीच्या यशवंतगडासमोर हाक मारल्यासारखं. आता टेपचा वेग कमी करा, भिंत मागे सरकते. आणखी कमी करा, डोंगर मागे सरकला. एवढ्याशा डब्यातून खोली मोठी मोठी करत नेतात आणि शेवटी भिंतच राहत नाही. फ्लॉइडकडे बिनसन कंपनीचं इटालियन एको-यंत्र होतं, त्यात टेपऐवजी फिरती चुंबकी चकती, तत्त्व तेच.

दुसरी गोष्ट, सूर. एक सूर खाली धरून ठेवायचा आणि वर काय ते होऊ द्यायचं. हा आपला तंबोरा. मिरजेचा तंबोरा, घाट उतरलात की, म्हणजे चढलात की, तिथेच. जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखाली दोरा सरकवतात आणि एका तारेतून दहा आवाज निघायला लागतात. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, किराणा घराणं, आणि त्याच किराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले आणि टेरी रायली, ला माँट यंग हे तिकडचे संगीतकार त्यांच्यासमोर तंबोरा धरून बसले. रायलीची छाप त्या काळच्या रॉकवर सगळीकडे आहे, द हू बँडच्या १९७१ च्या एका गाजलेल्या गाण्याचं नावच अर्धं रायलीवरून आणि अर्धं आपल्या नगरच्या मेहेरबाबांवरून ठेवलेलं. म्हणजे सूर इकडून तिकडे गेला आणि टेप होऊन फेरीने तेरेखोल उतरून परत आला, असं मी मानतो.

तिसरी गोष्ट, दशावतार. हॉकविंड नावाचा लंडनचा बँड, १९६९ चा, त्यांची 'स्पेस रिच्युअल' ही १९७३ ची डबल रेकॉर्ड, डिसेंबर १९७२ मध्ये लिव्हरपूल आणि ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष भरलेली. त्यात काय आहे? थांबायचं नाव न घेणारा ठेका, मध्येच एक कवी येऊन बोलतो, नर्तकी आहे, रंगीत प्रकाश आहे, अवकाशातल्या प्रवाशांचं आख्यान आहे. आता मला सांगा, पायपेटीचा धरलेला सूर, पखवाज, झांज, बत्तीच्या उजेडात राजा येतो, उभ्या उभ्या मनाने संवाद रचतो, पुन्हा झांज, आणि जत्रेत पहाटेपर्यंत आपण जमिनीवर बसलेलो. ज्याने मध्यरात्रीनंतर संकासुर गेल्यावर खरं आख्यान सुरू होताना अंगावर आलेला काटा अनुभवलाय, त्याला वीस मिनिटांचं गाणं लांब वाटेल? मला नाही वाटत. माझ्या शेजारचे पखवाजी, ऐंशीच्या घरातले, त्यांनी हॉकविंडची एक अख्खी बाजू मांडीवर ठेका धरून ऐकली आणि विचारलं, "ह्यांचो नाईक कोण?" दशावतारात गाऊन खेळ पुढे नेतो तो नाईक.

भारतातलं राहिलं. सिमला बीट ही सिगारेटच्या ब्रँडची बँडस्पर्धा, तिच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड, मुंबईचा ॲटॉमिक फॉरेस्ट, आनंद शंकर यांची सतार आणि मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याची १९७० ची रेकॉर्ड, सगळ्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात, मूळ प्रतीच्या मागे लागून कर्ज काढू नका. सुरुवात करायची तर एकच घ्या, पण अख्खी बाजू ऐका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रश्न नंतर बाहेर चहाला विचारा.

आता शेवटचं. हे बघा, हेच ते मशीन, मागच्या आठवड्यात पुन्हा नवा पट्टा घातलाय, आणि आत तीच टेप आहे. पंचेचाळीस मिनिटं लागतील, साडेनऊची शेवटची एसटी ज्यांना पकडायचीय त्यांनी मध्येच उठलात तरी चालेल, फक्त दार हळू लावा. पंखे बंद करा, त्यांची घरघर मध्ये येते. लाइटही घालवा. सुरुवातीला काही ऐकू येणार नाही, तसंच आहे ते, मशीनला काही झालेलं नाही. आणि साधारण विसाव्या मिनिटाला एक 'टक्' येईल, तेव्हा हलू नका, कुणीतरी रेकॉर्ड उलटी करतंय.