राखेवाचून रुजत नाही

नमस्कार. मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रेडवुड पाहिले असतील. मान दुखेपर्यंत वर बघायचं, आणि फोटोत मात्र नुसता बुंधा! पण या झाडांचा मोठा गोतावळा आज ब्रिटनमध्येही आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या झाडांचा अंदाज पाच लाखांच्या घरात दिला आहे. कॅलिफोर्नियात जायंट सिक्वोया या डोंगरातल्या रेडवुडचे मोठे वृक्ष उरलेत सुमारे ऐंशी हजार. ही तुलना जरा फसवी आहे, कारण ब्रिटनच्या आकड्यात समुद्रकाठचे रेडवुडही आहेत आणि कोवळी झाडंही. आज मी बोलणार आहे ते कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारांवरच्या सिक्वोयाबद्दल.

१८५२ मध्ये तिथल्या कॅलाव्हेरासच्या सिक्वोया-राईची बातमी फुटली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात असलेल्या जॉन मॅथ्यूने स्कॉटलंडला वडिलांकडे बी पाठवलं. हे वडील म्हणजे पॅट्रिक मॅथ्यू. जहाजांच्या लाकडावरच्या पुस्तकाच्या पुरवणीत नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनच्या कितीतरी आधी, १८३१ मध्ये, मांडून ठेवणारा गृहस्थ! डिसेंबरात विल्यम लॉब हा वनस्पती गोळा करणारा माणूस व्हीच रोपवाटिकेसाठी बियांचा साठा घेऊन इंग्लंडात उतरला. नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन नुकताच वारला होता, म्हणून झाडाचं नाव ‘वेलिंग्टोनिया’ ठेवलं आणि श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर त्याच्या रांगा लागल्या. स्कॉटलंडमधल्या बेनमोरला १८६३ मध्ये लावलेली अशी दुतर्फा रांग आहे. त्यातली ४९ झाडं आज उभी आहेत आणि काही पन्नास मीटरच्या वर गेली आहेत.

वाढायला त्रास नाही. मूळ गावी उन्हाळा कोरडा, सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. ब्रिटनमध्ये बारा महिने रिपरिप. झाडाला आणखी काय हवं?

हवी असते आग. सिक्वोयाचा शंकू कोंबडीच्या अंड्याएवढा असतो आणि तो वीस-वीस वर्षं हिरवा, मिटलेला, फांदीवरच राहतो. आत चपटं, कागदासारखे पंख असलेलं बी. एका किलोत सुमारे दोन लाख बिया बसतात. खाली वणवा पेटला की वर जाणाऱ्या उष्णतेने शंकू वाळतात, उघडतात आणि बी उघड्या, राख पडलेल्या मातीवर झडतं. खार आणि एक भुंगाही थोडं बी पाडतात, पण पालापाचोळ्याच्या थरावर उगवलेलं रोप सहसा टिकत नाही. मोठं झाड मात्र अर्ध्या मीटरपर्यंत जाड होणाऱ्या सालीमुळे तगतं. अमेरिकेत कित्येक दशकं वणवे निष्ठेने विझवले गेले आणि नवी रोपं दिसेनाशी झाली. १९६० च्या दशकात हे लक्षात आल्यावर राष्ट्रीय उद्यानांची माणसंच जपून आग लावायला लागली.

ब्रिटनच्या ओल्या गवतात ही सोय नाही. तिथलं जवळजवळ प्रत्येक झाड माणसाने लावलेलं. शोभा, सावली, कार्बन, सगळं मिळतं, पण याला मी जंगल म्हणणार नाही.

स्थानिकांपैकी ट्रीक्रीपर नावाच्या चिमुकल्या तपकिरी पक्ष्याने मात्र या झाडाला आपलंसं केलंय. सिक्वोयाची साल इतकी मऊ, की बोटाने दाबली तरी दबते. हा पक्षी त्यात आपल्या अंगाच्या मापाची खळगी कोरतो आणि थंडीच्या रात्री पोट आत दाबून झोपतो. खळगीखाली विष्ठेचा पांढरा ओघळ दिसला, की समजायचं, बिऱ्हाड चालू आहे.

दरम्यान २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत मूळ गावचे १३ ते १९ टक्के मोठे वृक्ष मेले. दुष्काळ होताच, शिवाय वर्षानुवर्षं न जळलेलं सरपण साचलं होतं. मग कुणी म्हणतं, ब्रिटनची झाडं म्हणजे राखीव साठा. मला हे पटत नाही. सिएरात सत्तरहून अधिक राया आहेत आणि लॉबने बी आणलं ते कॅलाव्हेरासचं. साठा म्हणवायचा तर प्रत्येक राईचं बी नोंद करून, वेगळं वाढवायला हवं.

तिकडे घर असलेल्यांनी हौसेने लावायला हरकत नाही, रोपं कुंडीत विकत मिळतात. फक्त घरापासून लांब लावा, आणि उंच वाढल्यावर त्यावर वीज पडते, हे शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा.